संगीत मासिकाचं कव्हर: आधी वाचक, मग कपडे, कॅमेरा सगळ्यात शेवटी

बडोद्यात संगीताचा अंक काढणारी मुलं पुष्कळ आहेत. कुणाचं मीडियाचं प्रोजेक्ट असतं, कुणाच्या कॉलेजचा विशेषांक, कुणी चार मित्र मिळून मोबाइलवर वाचायचं मासिक काढतात. मांडणी आणि छपाईची फाइल करून घ्यायला ती माझ्याकडे येतात, तेव्हा कव्हरचा फोटो काढून झालेला असतो. हुडी घातलेला मुलगा, गळ्यात हेडफोन, मागे रंगवलेली भिंत आणि चेहऱ्यावर उसना राग. हा अंक कोणासाठी, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "यंगस्टर्ससाठी, दादा." कुठले यंगस्टर्स? फाइन आर्ट्सच्या आवारात आजोबांचा शर्ट घालून हिंडणारे, दांडिया बाजारातल्या घरी रोज संध्याकाळी तबल्याचे कायदे घोटणारे, की नऊ रात्री गरबा खेळून दिवसा लेक्चरला डुलक्या घेणारे? तिघांना एकाच हुडीत कोंबता येत नाही.

फोटो वाईट असतो असं नाही, कामाचा क्रम उलटा असतो. आधी फोटो निघतो आणि मग त्याला साजेसा वाचक शोधला जातो. कपडे, केस, जागा, उजेड, नजर या सगळ्यांतून वाचकाला "हे माझ्यासाठी आहे" असं कळायला हवं, आणि त्यासाठी तो वाचक सगळ्यात आधी ठरायला हवा. खालचे टप्पे कव्हर, अनुक्रमणिका आणि आतला दोन पानी लेख धरून लिहिले आहेत, कारण प्रोजेक्टमध्ये बहुधा हेच तीन भाग मागतात. शूट रविवारी असेल तर पहिले चार टप्पे शुक्रवारपर्यंत उरकलेले हवेत.

टप्पा १ : वाचकाला चेहरा द्या

"वयोगट १६ ते २४, आवड: संगीत" ही ओळ वहीत छान दिसते, पण तिच्यावरून शर्टाचं बटणसुद्धा निवडता येत नाही.

एक कोरं पान घ्या आणि चार रकाने आखा: काय ऐकतो, काय घालतो, कोणासारखं दिसावंसं वाटतं, कोणासारखं दिसायची लाज वाटते. पहिले दोन रकाने कुणीही भरतो. खरं काम तिसऱ्या आणि चौथ्यात आहे, आणि नेमके तेच रिकामे राहतात. मेटल ऐकणाऱ्या मुलाला, आईने लग्नासाठी तयार केल्यासारखं दिसायचं नसतं. शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या मुलीला, शाळेच्या बक्षीस समारंभात सोनेरी काठाचा ड्रेस घालून उभी राहिलेली बाळबोध मुलगी व्हायचं नसतं. चौथा रकाना नीट भरला की निम्मे कपडे आपोआप बाद होतात.

हे घरात बसून भरता येत नाही. फतेहगंजला खाऊच्या गाड्यांपाशी तासभर उभे राहा, फाइन आर्ट्सच्या आवारात जा, सूरसागर तलावासमोर परफॉर्मिंग आर्ट्स कॉलेजमधून मुलं बाहेर पडतात ती वेळ गाठा. वहीत लिहा, अनोळखी माणसांचे फोटो काढू नका. चेहऱ्यांपेक्षा बुटांकडे बघा. बूट, बॅग, मोबाइलचं कव्हर, मनगटातले धागेदोरे, नखं. तबला वाजवणाऱ्याची नखं कापलेली असतात, गिटारवाल्याच्या एकाच हाताची वाढलेली असतात. जीन्सखाली कोल्हापुरी कोण घालतो आणि ऑक्सिडाइज्ड झुमके नवरात्र संपल्यावरही कोण काढत नाही, हे टिपलंत की स्टायलिंगचा निम्मा अभ्यास झाला.

दुसरी गोष्ट म्हणजे कव्हरवरचा माणूस वाचकापेक्षा एकच पायरी वर हवा. हुबेहूब वाचकासारखा असेल तर तो मासिक उचलणार नाही, आरसा त्याच्या घरी आहे. पाच पायऱ्या वर असेल तर ती जाहिरात वाटते. वाचक जे बूट घ्यायचे म्हणून गेले दोन महिने घोकतो आहे, ते बूट कव्हरवरच्या माणसाच्या पायात. इतकंच अंतर.

*तपासा:* तुमच्या पानावरचं वर्णन त्या गटातल्या एखाद्याला वाचून दाखवा. "हो, असे आहेत आमच्यात" असं तो म्हणाला तर पुढे जा. "सगळेच असे असतात" म्हणाला तर पान फाडा आणि नवीन घ्या.

टप्पा २ : कव्हरं वाचायला शिका

निदान पाच-सहा संगीत मासिकांची कव्हरं शेजारी शेजारी लावा, आणि ती एकाच जातीची नकोत. वेगळ्या वाचकांची हवीत, म्हणजे फरक दिसतो.

ब्रिटनचं 'केरँग!' १९८१ मध्ये 'साउंड्स' या साप्ताहिकाची पुरवणी म्हणून निघालं, हार्ड रॉक आणि मेटलच्या वाचकांसाठी. पहिल्याच कव्हरवर एसी/डीसीचा गिटारवादक अँगस यंग होता. त्याचा रंगमंचावरचा ठरलेला वेश म्हणजे शाळेचा गणवेश. शाळेला कंटाळलेल्या पोराला शाळेच्याच टाय-चड्डीत गिटार बडवणारा माणूस दिसला की वेगळं काही सांगावं लागत नाही. मासिकाच्या नावाची अक्षरंही तडकलेल्या काचेसारखी.

अमेरिकेत 'रोलिंग स्टोन'चा पहिला अंक ९ नोव्हेंबर १९६७ चा. कव्हरवर जॉन लेनन, पण हातात गिटार नाही. डोक्यावर शिपायाचं हेल्मेट, एका चित्रपटातल्या भूमिकेतलं. व्हिएतनाम युद्धाच्या त्या दिवसांत ते हेल्मेट तरुण वाचकाला बरंच काही सांगत होतं, आणि हे मासिक नुसत्या गाण्यांचं नाही हेही.

'स्मॅश हिट्स' (१९७८ ते २००६) शाळकरी पॉपवेड्या मुलामुलींचं. भडक रंग, हसरे चेहरे, आत गाण्यांचे शब्द छापलेले. हिप-हॉप आणि आर अँड बीचं 'व्हाइब' १९९३ मध्ये सुरू झालं, त्याच्या कव्हरवर बहुधा एकच मोठा चेहरा आणि साधी पार्श्वभूमी. त्याच वर्षी निघालेलं 'मोजो' वयाने मोठ्या रॉकप्रेमींचं, त्यामुळे जुन्या काळातल्या कलाकारांची जुनी छायाचित्रं तिथे हमखास. आपल्याकडचं 'रॉक स्ट्रीट जर्नल'ही १९९३ चंच, अलाहाबादहून निघालेलं. 'रोलिंग स्टोन'ची भारतीय आवृत्ती २००८ ची.

प्रत्येक कव्हरसाठी या गोष्टी लिहून काढा: नजर कॅमेऱ्यात आहे की बाहेर, फोटो चेहऱ्याचा की कमरेपर्यंतचा, हात कुठे आहेत, कपड्यातली सगळ्यात आधी दिसणारी वस्तू कुठली, मुख्य रंग किती, अक्षरं जाड की बारीक, मोकळी जागा किती. हात विसरू नका. खिशात, छातीवर घडी घातलेले, केसात, वाद्यावर: कव्हरचा स्वभाव चेहऱ्याइतकाच हातांवरून कळतो.

*सावध:* इथे मुलं कपडे उचलतात, कारण मात्र मागे ठेवतात. लंडनच्या थंडीतलं लेदर जॅकेट मे महिन्यात मांडवीपाशी घातलेला मुलगा बंडखोर दिसत नाही, आजारी दिसतो.

टप्पा ३ : माणूस निवडा

शक्य असेल तर खरा वाजवणारा किंवा गाणारा घ्या. वर्गातला देखणा मित्र आणि उसनी गिटार ही जोडी ओळखायला वाचकाला अर्धा सेकंद पुरतो, कारण हात खोटं बोलू शकत नाहीत. गिटारचा पट्टा नाही, डाव्या हाताची बोटं तारांवर न दाबता नुसती टेकलेली, तबल्याच्या जोडीत उजव्या हाताने वाजवणाऱ्यासमोर डग्गा उजवीकडे मांडलेला. संगीताच्या मासिकाचा वाचक हे सगळं बघतो. तोच तर तुमचा वाचक.

खरा वादक मिळालाच नाही तर वाद्य काढून टाका. वाद्याशिवायचा चेहरा चालतो. चुकीचं धरलेलं वाद्य चालत नाही.

माणूस पक्का झाला की परवानगी लेखी घ्या: कुठल्या अंकासाठी, छापील की ऑनलाइन, फोटो पुढे पुन्हा वापरणार की नाही. वय १८ पेक्षा कमी असेल तर आईवडिलांची सही हवी. "काकूंना माहीत आहे" म्हणजे परवानगी नव्हे.

टप्पा ४ : कपडे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

सुरुवात बाजारातून करू नका, त्या माणसाच्या कपाटातून करा. त्याला सांगा, तू कार्यक्रमाला काय घालतोस, रियाजाला काय घालतोस आणि आई ओरडते तरी टाकत नाहीस असं काय आहे, ते सगळं काढून पलंगावर ठेव. बहुतेक वेळा कव्हर या तिसऱ्या ढिगात असतं. मनगटापाशी विरलेला डेनिमचा शर्ट, रंग उडालेली टोपी, शिवून घेतलेला बूट. वापरलेल्या कपड्याला अंगाचा आकार आलेला असतो, नव्या कपड्याला घडीच्या रेघा असतात. कमी पडेल तेवढंच मंगळ बाजारातून आणा, आणि आणलेलं एकदा धुऊनच वापरा.

मग एक नियम पाळा: एका फोटोत एकच वस्तू बोलकी. जॅकेट बोलकं असेल तर टी-शर्ट साधा. झुमके मोठे असतील तर गळा रिकामा. टोपी, गॉगल, साखळी, हेडफोन आणि फाटकी जीन्स एकाच वेळी घातली की ते सोंग होतं. गळ्यातल्या हेडफोनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: संगीत मासिकात ते काहीच सांगत नाहीत, कारण हेडफोन सगळेच वापरतात. फेटा आणि हेडफोन, नथ आणि हेडफोन हे "परंपरा आणि आधुनिकता" छाप फोटो तर आता पुरे झाले.

कुठल्या वाचकाला काय, याची तयार यादी देत नाही, दिली की तीच शिवून येते. पण विचार कसा करायचा ते दोन उदाहरणांवरून बघा.

पहिलं, शास्त्रीय संगीत शिकणारी पण कानात रॅप असणारी विशीतली वाचक. कव्हरवर तिच्याहून दोन-चार वर्षांनी मोठी गायिका. भरजरी साडी नेसवली तर वाचकाला ती बाईंच्या पिढीची वाटेल. क्रॉप टॉपमध्ये तानपुरा दिला तर वाचक हसेल, कारण त्या वेशात रियाजाला कुणी बसत नाही. हातमागाचा ढगळ कुर्ता, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, केस मागे क्लिपने कसेबसे अडकवलेले, नाकात जी नेहमीची चमकी आहे तीच. रियाजातून आत्ता उठली असं वाटलं पाहिजे. बोलकी वस्तू कुठली? दुमडलेली बाही. काम करणाऱ्या मुलीची खूण.

दुसरं, नवरात्रीचा अंक, वाचक गरब्याला जाणारी पोरं, कव्हरवर तरुण गायक किंवा ढोलवाला. नवाबाजारातून नवंकोरं केडियु, म्हणजे गरब्याचा घेरदार अंगरखा, आणलं की तो दुकानातल्या पुतळ्यासारखा दिसतो. केडियु त्याचंच घ्या, गेल्या वर्षीचं, आणि खाली तो खरोखर जे घालतो ते राहू द्या. इथे एक अडचण हमखास येते ती आभल्यांची. समोरून फ्लॅश मारला की प्रत्येक आभला पांढरा ठिपका होतो आणि छपाईत कापडाला भोकं पडल्यासारखं दिसतं. उजेड बाजूने घ्या आणि माणसाला खांदा किंचित वळवायला सांगा. मग दहा-बाराच आभले चमकतात, बाकीचे रंग धरतात. मोठ्या ऑक्सिडाइज्ड दागिन्यांना आणि चष्म्यालाही हाच उपाय.

कॅमेऱ्यापुढे न चालणारे कपडे मात्र यादीनेच सांगतो:

- बारीक रेघांचा किंवा बारीक चौकटींचा शर्ट. फोटोत त्याच्यावर लहरी उमटतात आणि त्या नंतर काढणं अवघड असतं.
- झगझगीत पोपटी, फ्लोरोसंट नारिंगी, राणी रंग. स्क्रीनवर दिसतात तसे साध्या चार रंगांच्या (निळा, किरमिजी, पिवळा, काळा) छपाईत येत नाहीत, विझतात.
- भर उन्हात शुभ्र पांढरा. कापडाचा पोतच निघून जातो.
- मोठा ब्रँड लोगो किंवा दुसऱ्याच बँडचं नाव. तुमच्या कव्हरलाइनच्या, म्हणजे कव्हरवरच्या मथळ्यांच्या, आधी वाचक तेच वाचतो.

सैल कपडा पाठीमागून चिमट्यांनी आवळला की समोरून अंगचा दिसतो. चिमटे, सेफ्टी पिना, सुई-दोरा, कापडावरचे धागे उचलायला रुंद चिकटपट्टी आणि इस्त्री, एवढं सोबत असू द्या. इस्त्री सगळ्या कपड्यांना नको. रियाजाचा कुर्ता कडक इस्त्रीचा केलात तर तो शाळेच्या स्नेहसंमेलनाचा होतो.

मेकअप थोडका. उकाड्यात घाम टिपायला टिश्यू पेपर हवा, घामावर पावडरचा दुसरा थर नको. आणि "दादा, थोडा उजळ करा ना" ही फर्माईश मी ऐकत नाही. वाचकाच्या रंगाचा माणूस कव्हरवर घेतला आणि कॉम्प्युटरवर त्याला दोन छटा गोरा केला, तर ज्याच्यासाठी अंक काढला त्यालाच तू पुरेसा चांगला दिसत नाहीस, असं सांगितल्यासारखं होतं.

मुलींच्या फोटोबाबत आणखी एक पाहा. चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी १९७५ च्या निबंधात सिनेमातल्या पुरुषी नजरेची चिकित्सा केली, ती मीडियाच्या अभ्यासक्रमात शिकवतातच. उत्तरात तिचं नाव लिहून स्वतःच्या कव्हरवर मात्र गायिकेला ओठ अर्धे उघडे ठेवून, खांदा उघडा टाकून उभी करणारे कमी नाहीत. साधी परीक्षा: याच जागी मुलगा असता तर त्याला असं उभं केलं असतं का?

*तपासा:* पूर्ण पोशाख घालून मोबाइलवर एक साधा फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करून बघा. रंग गेल्यावरही हा माणूस कुठल्या प्रकारचं संगीत करतो याचा अंदाज येतो का? येत नसेल तर तुमची स्टायलिंग नुसत्या रंगावर उभी आहे.

टप्पा ५ : जागा आणि उजेड

विद्यापीठाचा घुमट, सूरसागरचा काठ, लक्ष्मी विलासचं फाटक या तीन जागा मनातून काढून टाका. सुंदर आहेत, पण त्या बडोदा सांगतात, तुमचा वाचक सांगत नाहीत. शिवाय राजवाडा खाजगी मालमत्ता आहे, विद्यापीठाच्या आवारात परवानगी लागते, आणि ऐन शूटच्या वेळी वॉचमनशी हुज्जत घालण्यात उजेड निघून जातो.

वाचक जिथे गाणं ऐकतो किंवा करतो ती जागा शोधा. भिंतीला गाद्या टेकवलेली बँडची खोली. गच्चीवर पाण्याच्या टाक्यांमधली सावली. गरब्याचे मोठमोठे स्पीकर रचून ठेवलेलं साउंडवाल्याचं गोदाम. मालकाला आधी भेटा आणि नवरात्राच्या आसपास जाऊच नका, तेव्हा गोदाम रिकामं असतं आणि मालकाला बोलायला वेळ नसतो. घडियाळी पोळेसारख्या जुन्या वस्तीत लाकडी दारं मिळतील, पण सकाळी लवकर. दहानंतर प्रत्येक फोटोत एक स्कूटर येते.

उजेड सूर्य उगवल्यापासून तासा-दीड तासातला किंवा मावळण्यापूर्वीचा. दुपारचीच वेळ मिळाली तर सावलीत या. डोक्यावरच्या उन्हाने डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात. खोलीत शूट असेल तर ट्यूबलाइट बंद करा आणि एकाच खिडकीचा उजेड घ्या. खिडकीचा निळसर आणि बल्बचा पिवळा एकत्र आले की चेहऱ्याची एक बाजू काविळीची दिसते, आणि ती दुरुस्त करायला गेलं की दुसरी बिघडते.

*तपासा:* निवडलेल्या जागेचा रिकामा फोटो काढून त्यावर मासिकाचं नाव आणि तीन ओळी टाकून पाहा. अक्षरं वाचता येत नसतील तर भिंत कितीही सुंदर असो, बाद.

टप्पा ६ : शूट

शूटला जाताना कागदावर कव्हरचं कच्चं रेखाटन हवं: नाव कुठे, डोकं कुठे, ओळी कुठल्या बाजूला. फोटो त्या रेखाटनात बसवायचा आहे. तीन भागांचे तीन वेगळे फोटो:

१. कव्हर. छातीपर्यंत किंवा कमरेपर्यंत, उभा, डोक्यावर भरपूर जागा, नजर बहुधा कॅमेऱ्यात. गठ्ठ्यात पडलेल्या अंकातून वाचकाला थांबवणारी नजर हीच.

२. अनुक्रमणिका. लहान, हलकं, कामात असतानाचं. तार लावताना, केबल गुंडाळताना, चहा पिताना.

३. दोन पानी लेख. आडवा, पूर्ण आकृती, एका बाजूला मजकुरासाठी मोकळी जागा. माणूस मधोमध नको; मध्ये घडी येते आणि नाक तिच्यात जातं.

तिन्ही ठिकाणी पोशाख बदलला तरी एक वस्तू कायम ठेवा, जॅकेट किंवा कानातलं, म्हणजे पान उलटल्यावर तोच माणूस आहे हे कळतं.

कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, फार तर थोडा खाली. खालून घेतला की माणूस दबाव टाकणारा दिसतो, रॅप आणि मेटलला कधी कधी ते हवं असतं. वरून घेतला की लहान मूल दिसतं. मोबाइल असेल तर वाइड लेन्स चेहऱ्याजवळ नेऊ नका, नाक फुगतं. दोन पावलं मागे या आणि २एक्स वापरा. कॅमेरा असेल तर ५० ते ८५ मिमीची लेन्स. लेन्स पूर्ण उघडून (एफ १.८) मागचं सगळं धूसर करायचा मोह आवरा. डोळा स्वच्छ आणि कान धूसर इथवर ठीक, पण हातातलं वाद्यही धूसर झालं तर संगीत मासिकाला त्याचा काय उपयोग? एफ ४ ते ५.६ ठेवा.

"राग आण", "कूल दिस" असं सांगू नका. त्याला वाजवायला किंवा गुणगुणायला सांगा, आणि थांबल्या थांबल्या फोटो घ्या. वाजवून थांबलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर खरं काहीतरी असतं, ते दोन-तीन सेकंद टिकतं.

*सावध:* फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, आकार घटतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर आणा.

टप्पा ७ : निवड, कापणी, अक्षरं

निवडताना टप्पा १ चं पान शेजारी ठेवा. सगळ्यात सुंदर फोटो आणि सगळ्यात योग्य फोटो हे बऱ्याचदा वेगळे असतात. फोटोग्राफर मित्राला पहिला हवा असतो. तुम्ही दुसरा घ्या.

ए४ आकाराचं कव्हर २१० × २९७ मिमीचं. चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड, धरलं की २१६ × ३०३. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) सुमारे २५५१ × ३५७९ पिक्सेल लागतात. १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलचा उभा फोटो साधारण ३०२४ × ४०३२ चा असतो, म्हणजे पुरतो, पण कापायला फारशी जागा उरत नाही. म्हणून चौकट शूटच्या वेळीच नीट धरा.

फोटो आडवा उलटवू नका. "माणूस डावीकडे हवा होता" म्हणून फ्लिपचं बटण दाबलं की गिटारवादक डावखुरा होतो, डग्गा उजवीकडे जातो, हार्मोनियमच्या पट्ट्यांवर डावा हात येतो आणि टी-शर्टवरची अक्षरं उलटी. अशी फाइल माझ्याकडे आली की मी परत पाठवतो.

नाव देवनागरीत असेल तर डोकं त्याच्यावर आणताना जपा. इंग्रजी मासिकं डोक्याने नावाची दोन अक्षरं झाकतात, ते बघून इथेही तसंच केलं जातं. पण शिरोरेषा सगळ्या अक्षरांना सारखीच असते, अक्षराची ओळख तिच्या खाली असते आणि डोकं नेमकं तिथे येतं. शिवाय मासिक नवीन असेल तर नाव अजून कुणाला पाठ नाही. फार तर केसांचं टोक अक्षराला लागू द्या. वेलांटी आणि रफार वर जातात, उकार खाली, म्हणून दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा.

अक्षरांचा रंग कपड्यातून उचला, बोलक्या वस्तूतून. एकूण रंग तीनच.

टप्पा ८ : वाचकापुढे ठेवा

मासिकाचं नाव कागदाने झाका आणि कव्हर त्या गटातल्या पाच-सहा जणांना दाखवा. प्रश्न तीनच: आत कुठलं संगीत असेल, हे कोण विकत घेईल, आणि या माणसाशी तू बोलायला जाशील का? "कसं वाटलं?" असं विचारू नका, सगळे "मस्त" म्हणतात.

मग गटाबाहेरच्या कुणाला तरी दाखवा, शेजारच्या काकांना किंवा घरच्या आजीला. माध्यमांचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलं की निर्मात्याने घातलेला अर्थ प्रेक्षक तसाच घेतो असं नाही. काही जण तो स्वीकारतात, काही थोडी घासाघीस करून घेतात, काही उलटाच अर्थ लावतात. काकांनी नाक मुरडलं आणि मुलांनी कव्हर हातात धरून ठेवलं, तर तरुणांच्या मासिकासाठी ती वाईट खूण नाही. दोघांनाही सारखंच आवडलं तर मला उलट शंका येते.

कव्हर मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढं करूनही बघा. हल्ली पहिली भेट तिथेच होते.

टप्पा ९ : कारणं लिहा, फाइल द्या

प्रोजेक्टसोबत स्पष्टीकरण लिहायचं असतं, आणि तिथे चांगल्या कामाचे गुण जातात. "काळं जॅकेट वापरलं कारण ते तरुणांना आवडतं" हे उत्तर नाही. उत्तर असं हवं: "आमच्या वाचकाला समारंभी दिसायची लाज वाटते, असं निरीक्षणात आढळलं. म्हणून गायिकेला रियाजाचा कुर्ता दिला, बाह्या दुमडल्या आणि दागिने तिचे रोजचेच ठेवले. चाचणीत मुलींनी तिला 'सीनियर' म्हणून ओळखलं, 'मॅडम' म्हणून नाही." निरीक्षण, निर्णय, परिणाम, या क्रमाने. कपड्यांनंतर नजर, उजेड, अक्षरं यांच्याबद्दलही तसंच. टप्पा १ चं पान आणि पलंगावरच्या कपड्यांचा फोटो जोडा, शब्दांचे निम्मे कष्ट वाचतात.

प्रेसला द्यायची पीडीएफ चार रंगांत, ब्लीड आणि कापायच्या खुणांसह, अक्षरांच्या आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांची चित्रं करून. आउटलाइन केल्या नाहीत तर प्रेसच्या कॉम्प्युटरवर तुमचा मराठी फॉन्ट नसेल आणि जोडाक्षरं फुटतील. मधोमध पिना मारायचा अंक असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत. कव्हरचं एक प्रूफ, म्हणजे नमुना प्रत, त्याच कागदावर मागा आणि दिवसाच्या उजेडात बघा. प्रेसमधल्या ट्यूबखाली सगळ्यांचे चेहरे ठीकच दिसतात. आणि अंक नवरात्राच्या सुमारास हवा असेल तर गणपतीतच तारीख ठरवून घ्या, त्यानंतर प्रेसवाला आणि शिंपी दोघेही फोन उचलत नाहीत.